सातव्या हिरवळीवरचं दव

१५ ऑक्टोबर २०१८, सोमवार

आले एकदाची! कर्वेनगरहून निघाल्यापासून तीन तास, त्यातला एक नुसता चांदणी चौकात. पण शेवटचं वळण घेतलं आणि समोर सगळी दरी उघडली तेव्हा रागच गेला. तिन्ही बाजूंना डोंगर, खाली धरणाचं पाणी आणि मधे हे आमचं अठरा भोकांचं नवंकोरं गोल्फ मैदान. नाव 'मेघमाळ'. वाघोलीच्या प्रयोगशाळेत सहा वर्षं लोकांच्या शेतातल्या मातीच्या पुड्या तपासल्या, आता अख्ख्या डोंगराची हिरवळ माझ्या ताब्यात. शेजारच्या मंदाकिनीकाकूंनी विचारलंच, की सुहास, एम.एस्सी. होऊन शेवटी गवतच कापणार का? म्हटलं हो, पण सव्वातीन मिलिमीटरवर.

उद्घाटन ९ डिसेंबरला. खराडीत कंपनीचं ऑफिस आहे, ते गोल्फच्या सहली विकतं. चाकणच्या कारखान्यांतले कोरियन आणि जपानी साहेब, आयटीतली वजनदार मंडळी, तीन दिवस, तीन मैदानं, सकाळी खेळ आणि संध्याकाळी सूर्यास्त. आमचे व्यवस्थापक श्रीधर यांच्याशी बोलताना आपण माणसाशी बोलतोय की माहितीपत्रकाशी, ते कळत नाही. पण माणूस वाईट नाही.

मला चार नंबरची खोली मिळाली आहे. पायरीवर बसलं की समोर सातवी हिरवळ दिसते.

श्रीनिवास सोडायला आला नाही. खरं तर दरीपलीकडचं गाव त्याच्या मामांचं, आणि मैदानाची बरीचशी जमीनही मच्छिंद्रमामांनीच कंपनीला दिलेली. मला वाटलं होतं नवरा खूश होईल. तर नोकरीचं ऐकून एवढंच म्हणाला, रस्ता खराब आहे. आम्ही दोघंही हल्ली फारसं बोलत नाही. निनाद गेल्याला अडीच वर्षं होऊन गेली. पण ही वही त्यासाठी नाही. ही गवताची वही आहे.

१८ ऑक्टोबर, दसरा

यंत्रांना झेंडूचे हार घातले. सगळ्यात देखणा हार मैनुद्दीनचाचांनी ओवला. चाचा इथले मुख्य माळी, वय पासष्ट, घर भवानी पेठेत. पुण्यातल्या जुन्या मैदानावर चाळीस वर्षं काढून निवृत्त झाले आणि दोन महिन्यांत घरच्यांना कंटाळून (घरचे म्हणतात, घरच्यांना कंटाळवून) इथे आले.

त्यांनी आज मला कप कापायला शिकवलं. हिरवळीवरच्या भोकाला कप म्हणतात. तो रोज सकाळी खेळ सुरू व्हायच्या आधी हलवायचा, नाहीतर एकाच जागी पाय पडून गवत मरतं. नव्या जागी नळीसारखं कापणी यंत्र दाबून फिरवायचं, वीतभर मातीचा दट्ट्या अख्खा वर येतो. तोच नेऊन कालच्या भोकात बसवायचा, वरून पाणी मारायचं. चाचांनी बसवलेला दट्ट्या दुसऱ्या दिवशी शोधून सापडत नाही. माझा दहा फुटांवरून दिसत होता. चाचा म्हणाले, मॅडम, जखम भरायला हात हलका लागतो.

दुसरं काम दव झाडायचं. दोघांनी दोराची टोकं धरून हिरवळीवरून ओढत न्यायचा. सातव्या हिरवळीवरचं दव मात्र चाचा एकटेच झाडतात, लांब बांबूने, सगळ्यांच्या आधी. कारण विचारलं, तर म्हणाले सवय आहे.

२६ ऑक्टोबर, शुक्रवार

सातव्या हिरवळीवर बुरशीचे ठिपके दिसताहेत. इतर सतरा ठणठणीत आहेत. पान सकाळी किती वेळ ओलं राहतं ते मोजल्याशिवाय औषधाचं प्रमाण ठरवता येणार नाही, म्हणून सातव्यावरचं दव महिनाभर कुणी झाडायचं नाही असं सांगितलं. चाचांचा चेहरा उतरला. बाकीच्या सतराचं मोजा म्हणाले, सातव्याचं राहू द्या. मी म्हटलं, आजारी पेशंट सोडून धडधाकट माणसांचा ताप मोजू का? तरी ते विनवत राहिले, तेव्हा लेखी ऑर्डर काढली. पुण्याची आहे मी, लेखी दिल्याशिवाय मलाही चैन पडत नाही.

त्यांनी कागद खिशात घातला आणि गेले. उगीच दुखावलं का त्यांना?

३० ऑक्टोबर, मंगळवार

साडेसहाला सातव्यावर गेले. सगळीकडे दवाची पांढरी साय, आणि काल बुजवलेल्या कपाशेजारी एक लांबट कोरडा डाग. दोन वितींचा असेल. ससा बसून गेला असावा. आठपर्यंत ऊन आलं, दव उडालं आणि डागही गेला.

२ नोव्हेंबर, शुक्रवार

आज डाग दोन होते, शेजारी शेजारी, मधलं दव पुसलेलं. ससा काय कुशीवर वळतो?

माझ्याबरोबर कुसुम होती. ती गावातली, चाळिशीची, हिरवळीतलं तण वेचते. ओणवी राहून दिवसभर वेचते पण तोंडातून शब्द नाही. सातव्यावर ती नेहमी चपला काढून चढते, मला वाटायचं गवत जपते. तिने ते डाग पाहिले आणि पदर तोंडाला लावला. मग म्हणाली, "चाचांस्नी झाडू द्या की ताई. तुमच्या पाया पडते." मी कारण विचारलं तर पुन्हा तण वेचायला लागली.

८ नोव्हेंबर, पाडवा (कर्वेनगर)

दिवाळीला घरी आले. श्रीनिवासने उटणं, फराळ सगळं वेळेवर आणून ठेवलं होतं. तेवढं तो करतो. मंदाकिनीकाकूंनी जिन्यापासून आमच्या दारापर्यंत लक्ष्मीची पावलं चिकटवली आहेत, एवढीशी, आत येणारी. मी ती ओलांडताना दोनदा अडखळले.

पाच महिन्यांचा होता निनाद. नुकता पालथा पडायला शिकला होता. पालथा पडायचा आणि मग आपणच घाबरून रडायचा, की आता पुढे काय. तीन दिवस ताप. हॉस्पिटलात मला इंजेक्शन देऊन झोपवलं, उठले तेव्हा सगळं आटोपलं होतं. एवढ्या लहानग्याला जाळत नाहीत, मीठ घालून पुरतात, आणि आईने जायचं नसतं. कुठे ठेवलं विचारलं, तर श्रीनिवास म्हणाला, आपल्याच मातीत. पुढे मी विचारलं नाही. उत्तराची भीती होती. कुठे ते कळलं की तो खरंच गेला, असं काहीतरी.

बघा, गवताच्या वहीत हे आलंच.

१३ नोव्हेंबर, मंगळवार

हे लिहिताना माझा हात स्थिर आहे. मी शास्त्राची विद्यार्थिनी आहे, जे पाहिलं तेच लिहिते.

सातव्यावर दवात एक माग होता. बुजवलेल्या कपापासून नव्या कपापर्यंत, साधारण नऊ फूट. दोन गुडघ्यांच्या रेघा आणि दोन्हीकडे तळवे. पाच पाच बोटं. माझ्या अंगठ्याच्या पेरात मावतील अशी.

चाचांना बोलावलं. त्यांनी पाहिलं नाही, नजर खाली ठेवूनच सांगितलं की वर्षभर ते हेच झाडत होते. आपल्या दुवा म्हणायच्या आणि बांबू फिरवायचा. गावातल्या बायकांच्या दृष्टीला पडू नये एवढ्यासाठी. कागद नसता दिला तर माझ्याही पडलं नसतं.

मग कुसुम बोलली. हा सगळा माळ गावच्या तान्ह्या मुलांचा. दात यायच्या आत गेलेली पिढ्यान्‌पिढ्यांची पोरं इथे निजवलेली. दगड नाही, खूण नाही, म्हणून सरकारी कागदावर नुसती पडीक जमीन. तिची दोन आहेत. म्हणून तर ती इथे कामाला येते.

तिने मला बजावलं ते जसंच्या तसं लिहिते. "हाक मारू नगा ताई. त्यांना आपलं नाव ठावं नसतंय, आईचा आवाज तेवढा ठावा. कुनीबी आई हाक मारू द्या, समदीच उठत्यात. आन्‌ त्यांनी साद घातली तर ओ दिऊ नगा. ओ दिली की आई त्यांची झाली. मग घरी न्हाई जात ती."

१५ नोव्हेंबर, गुरुवार

आज सातव्याचा कप मी कापला. दट्ट्या वर आला आणि त्याच्या कडेला काहीतरी चमकलं. नखाने माती काढली. दोन काळे मणी. आणि एक निळा.

निनादच्या मनगट्या मी ओवल्या होत्या. बारशाच्या आदल्या दिवशी काळा मणी एक कमी पडला, दुकानं बंद, म्हणून माझ्या तुटलेल्या माळेतला निळा घातला. सासूबाई म्हणाल्या होत्या, दृष्टीच्या मनगटीत निळा कसा चालेल. मी म्हटलं होतं, दृष्टीला काय रंग कळतो.

डाव्या हाताची होती ती.

१७ नोव्हेंबर, शनिवार (कर्वेनगर)

मणी टेबलावर ठेवले. श्रीनिवासने पाहिले आणि खुर्चीत बसला. मग सगळं सांगितलं. त्या दिवशी मच्छिंद्रमामांची जीप होती, सासूबाईंनी सांगितलं बाळाला मामांच्या गावच्या माळावर न्या, तिथे एकटं पडणार नाही, बरोबर पुष्कळ आहेत. त्याने स्वतःच्या हातांनी ठेवलं. सहा महिन्यांनी मामांनी माळ विकला. हा धावत गेला होता. तेव्हा जेसीबी लागलेला. वरची माती मऊ, चांगली, म्हणून ती खरवडून, चाळून अठराही हिरवळींवर पसरत होते.

मी त्याला मारलं. आयुष्यात पहिल्यांदा. त्याने मारू दिलं. रडत एवढंच म्हणाला, की तुला कुठे आहे सांगितलं असतं तर आता तिथे नाही तेही सांगावं लागलं असतं.

अठराही हिरवळींवर. आणि मी महिनाभर त्याच्यावरून यंत्र फिरवतेय. सव्वातीन मिलिमीटर.

२१ नोव्हेंबर, बुधवार

परत आले. श्रीनिवास नको म्हणत होता. राजीनामा लिही म्हणाला. पण निनादला एकदा सोडून झोपले होते मी, इंजेक्शन घेऊन. आता नाही.

आज झेंड्याच्या काठीशेजारी दोन पावलं होती. फक्त दोन, जवळजवळ. आणि काठीवर दवात बोटांचे ठसे, खालून वर.

धरून उभा राहिला.

२२ नोव्हेंबर, गुरुवार

चाचा म्हणाले हे तुमचंच कशावरून मॅडम. म्हटलं, जिथे थांबला होता तिथूनच पुढे शिकला. आधी पालथा, मग रांगणं, मग उभा. आईला कळतं. चाचांनी माझ्या लेखी कागदाची घडी काढून माझ्या हातात दिली आणि हात जोडले, की तो रद्द करा. मी नाही केला.

२६ नोव्हेंबर, सोमवार

चालला! चार पावलं, मग एक बसका गोल डाग, मग पुन्हा तीन. आपटला असणार. मी गवतावर बसून मोठ्याने हसले आणि मग किती वेळ रडत होते ठाऊक नाही. आठ वाजता ऊन आलं. ऊन येऊ नये म्हणून मी पावलांवर ओढणी धरून उभी होते. पावलं उडालीच.

खोलीत आले तर कुर्ता समोरून ओला. दव वाटलं. दव नव्हतं. अडीच वर्षांपूर्वी गोळ्या देऊन आटवलं होतं ते.

२८ नोव्हेंबर, बुधवार

श्रीधर आले होते. कोरियन पाहुणे सरावाला आले तर सातव्यावर चेंडू पाण्यात अडकल्यासारखे थांबले. दव का झाडत नाही? मी बुरशीचं सांगितलं. ते माझ्या कुर्त्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, मॅडम, थोडी रजा घ्या.

चाचांना आज पुण्याला परत पाठवलं. मीच. जाताना डोक्यावर हात ठेवला त्यांनी.

१ डिसेंबर, शनिवार

तो येतो, पण मला पाठमोराच. सगळे माग कपाकडे. मी एवढी जवळ बसलेली, तरी एकही माझ्याकडे वळत नाही. त्याला कसं कळणार मी कोण? मी त्याला निरोपसुद्धा दिला नव्हता.

मी हाक मारली. पावणेसातला, चांगलं उजाडलेलं होतं. निनाद, इकडे ये रे, आई इकडे आहे. तीनदा.

गवत हललं नाही. कुसुम खालच्या उतारावर होती. टोपली टाकून पळत गेली.

२ डिसेंबर, रविवार

सगळ्या अठरा हिरवळींवर —

मी सगळ्या फिरले. रांगलेले, घसटत गेलेले, चाललेले. कुठे नुसते पडल्या जागी वळवळलेले, ज्यांना तेवढंच येत होतं. सगळे माग हिरवळ सोडून खाली उतरलेत. सगळे एकाच दिशेला.

माझ्या पायरीपर्यंत.

४ डिसेंबर

मोजायचं सोडलं. सकाळी पायरी ओली, व्हरांडा ओला. फरशीवर तळवे. दाराच्या खालच्या भागावर तळवे. एवढ्या उंचीपर्यंतच.

त्यातला माझा कोणता? मला ओळखता येत नाही. मी त्याला चालताना पाहिलंच नव्हतं. पाऊल कसं ओळखू?

हॉस्पिटलच्या फायलीत जन्माच्या दिवशीचा शाईचा ठसा आहे पायाचा. श्रीनिवासला सांगितलं, घेऊन ये.

६ डिसेंबर

श्रीनिवास घेऊन आला. ठसा लावून पाहिला. तीन पेरं. हे सगळे मोठे. किंवा सगळेच तेवढे.

श्रीनिवासने आधी काही दिसत नाही असं म्हटलं. मग व्हरांड्यात खाली बसला. एका पावलाजवळ बोट ठेवलं — सुहास, हा आपला. करंगळी बघ, माझ्यासारखी. मी म्हटलं नाही, तो पलीकडचा, डावा हात जरा टेकून चालतो तो, मनगटी गेलीय ना डावी. आम्ही भांडलो. पोरावरून भांडलो, किती दिवसांनी. ऊन आलं आणि दोन्ही गेली.

तो मला घरी चल म्हणाला. हात धरून ओढलं. मी नऊ तारखेला येते म्हटलं. उद्घाटन झालं की. खोटं नव्हतं ते, लिहिताना तरी.

७ डिसेंबर

कुसुम आली. दारात उभी राहून एवढंच विचारलं, की माझी दोन आली का ताई? मी म्हटलं असतील. तिने मीठ ठेवलं पायरीवर, आणि दूध. म्हणाली मी हाक नाही मारली सतरा वर्षं. लई वाटतं. पण घरी दोन जित्ती हायेत, म्हणून —

गेली. तिला घर आहे.

८ डिसेंबर

आवाज आहे आता. रडण्याचा नाही. पहिला शब्द येतो ना, त्याआधीचा. ओठ मिटून, उघडून. पुष्कळांचा.

कर्वेनगरहून फोन — श्रीनिवास. सकाळी लवकर निघतोय. तू फक्त दारात थांब, सुहास, काही बोलू नकोस, मी येईपर्यंत कुणालाही काही बोलू नकोस. त्याला मामांनी सांगितलंय वाटतं. ओ देण्याचं.

म्हटलं, थांबते.

९ डिसेंबर, रविवार

सात वाजले. लख्ख. खालच्या रस्त्याला खराडीची बस दिसतेय, पाहुण्यांची. तिच्या मागे आपली पांढरी गाडी. वीस मिनिटं लागतील वर यायला. रस्ता खराब आहे.

मी सातव्यावर बसलेय. वही मांडीवर. दव एवढं कधी नव्हतं. आलेत सगळे. गोल. मला फक्त पावलं दिसतात, माझ्याकडे तोंड केलेली. पहिल्यांदाच माझ्याकडे.

म्हणाले. आत्ता. एकाने आधी, मग सगळ्यांनी — आई.

त्यातला एक आवाज त्याचा आहे. कोणता ते कळत नाही — कसं कळावं, त्याने कधी म्हटलंच नव्हतं —

गाडी वळणावर. हॉर्न देतोय. श्रीनिवास, मला माफ कर. एकालाच ओ देता आली असती तर — पण यातल्या कुणालाच कधी कुणी —

वहीवर ओली बोटं. एवढी थंड. कुणीतरी मांडीवर चढतंय. डावा हात टेकून —

आले रे, ही बघ, आई इथे आहे, ओ —